प्रयोज्य

जर्नलच्या पहिल्या पानावर लिहायचं असतं
प्रयोज्याचं नाव, वय, शिक्षण, मनःस्थिती.
माझी जोडीदार हळदीला पारोळ्याला गेलेली,
परवा बाहेरचे परीक्षक येणार,
म्हणून मी उखर्डू आप्पालाच खुर्चीत बसवलं,
अमळनेरला, जिनिंगच्या फाटकाशी,
वॉचमनच्या खोलीत, दुपारी तीनला,
डोक्यावरचा पत्रा तापून कटकट वाजत होता तेव्हा.

मनःस्थिती काय लिहू, विचारलं.
म्हणाला, लिख, च्या पेवाना शे.

सूचना मी पाठ केली होती :
मी तुम्हाला काही शब्द दाखवीन.
ते निरर्थक आहेत.
त्यांचा अर्थ लावायचा प्रयत्न करू नका.
आप्पा चष्मा सदऱ्याला पुसत म्हणाला,
"अर्थ नही, ते बनाडात कसाले?"

कसाले ते सरांनी वर्गात सांगितलं होतं.
अर्थ नसला की जुनी ओळख मधे येत नाही,
स्मरण मग निव्वळ मोजता येतं,
सरकी काढलेल्या रुईसारखं.

एक कार्ड, दोन सेकंद. दुसरं कार्ड.

मोफ.
"हाऊ आपला मिलना. रुई ढीगवर पडस ना, मोफ."
आप्पा, बोलायचं नाही मधे.

रुभ.
"मारुभाऊले लांबथीन हाक मारा, इतलंच ऐकू येस."

थूण.
यावर तो गप्प. बराच वेळ.
मग म्हणाला, विहीर. पुढे काही नाही.

लूझ.
त्याने डावा हात टेबलावर ठेवला,
तीन बोटांचा.
"पट्टा लूझ व्हता. मी सांगेल व्हतं."
स्टॉपवॉच माझ्या मुठीत पळत राहिलं,
पुढच्या कार्डाचे दोन सेकंद
कधीच होऊन गेले होते.

डाख तर मी स्वतःच खोडला.
आई गळकी घागर घेऊन जाते ना कासाराकडे, तोच की.
रात्री यादी करताना कसा सुटला कोण जाणे.

उरले अकरा.
आमच्या वर्गातली पोरं सात-सात फेऱ्या घेतात,
आप्पाने पहिल्याच फेरीत दहा सांगितले,
क्रम सोडून, खिडकीकडे बघत.
आणि वर एक : घन.

"घन यादीत नव्हता, आप्पा."
"व्हता."
मी सगळी कार्डं उलटीसुलटी करून दाखवली.
त्याने ती नीट पाहिली, एकेक,
जसा आत येणाऱ्या ट्रकचा कागद पाहतो,
आणि परत म्हणाला, व्हता.

घनश्याम. आप्पाच्या आधीचा.
सव्वा वर्षाचा होऊन गेला, आप्पाने कधी पाहिलेला नाही.
त्याच्या पाठीवरच्याला आईने उकिरड्यावर लोळवलं,
आणि नाव असं ठेवलं
की कुणाला उचलून न्यावंसं वाटू नये.
पहिल्याचं नाव तिला शेवटपर्यंत पुरं घेता आलं नाही,
"घन" पाशी तोंड मिटायची.

जर्नलमध्ये रकाना असतो : यादीबाहेरचे शब्द.
तो चुकांत धरतात.
मी तिथे एक लिहिलं, पेन्सिलीनं.

मग चहा आला.
आप्पाने बशी बाजूला सारली,
कार्डं पत्त्यांसारखी पिसली,
"आते तू बैस. सांग."

अक्षर माझं होतं, यादी माझी,
रात्री दीड वाजेपर्यंत बसून केलेली.
मी डोळे मिटले. मोफ, म्हटलं. रुभ. लूझ.
आप्पा डाव्या हाताची बोटं दुमडत मोजत होता.
तिथली संपली तेव्हा उजव्या हातावर गेला,
तिथलं पहिलं बोट घनसाठी दुमडलं.
मी म्हटलं होतं, की त्यानेच,
तेवढ्यात फाटकावर हॉर्न वाजला.

पाच सांगितले होते मी एकूण.
पाचवा कोणता, ते आता आठवत नाही.